पोरांना तालमीला जाऊ द्या

आई-बाबांनो,

दहावी-बारावीचं वर्ष जवळ आलं की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता हे नाटक-बिटक बंद, अभ्यासाले लाग." पोरगी असली तर पुढं आणखी एक जोडलं जातं, "उद्या लोकं काय म्हनतीन?" मी शाळेत मराठी शिकवलं आणि दरवर्षी पोरांची नाटकंही बसवली. त्यामुळे व्हरांड्यात माझ्यासमोर उभं राहून हेच सांगणारे बाप आणि त्यांच्या मागं पदर सावरत गप्प उभ्या असलेल्या आया मी खूप पाहिल्या. त्यांचा मला राग आला नाही. कापसाला आज काय भाव मिळेल आणि उद्या काय, हे ज्याच्या हातात नाही, त्याला पोराचं शिक्षण तरी घट्ट धरून ठेवावंसं वाटणारच. तुमची ही भीती खोटी नाही. पण ती चुकीच्या दारावर पहारा देत बसली आहे असं मला वाटतं, आणि त्याबद्दलच जरा जवळ बसून बोलायचं आहे.

घाटंजी तालुक्यातलं पारवा हे गाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मराठीतले मोठे नाटककार महेश एलकुंचवार तिथं १९३९ साली जन्मले. घर जमीनजुमल्याचं. शिकायचं म्हणून अगदी लहान वयात त्यांना आई-वडिलांपासून दूर यवतमाळला राहावं लागलं. पुढे नागपूरला कॉलेज झालं आणि तिथंच इंग्रजीची प्राध्यापकी. म्हणजे तुम्हाला पोरासाठी हवं असतं ते सगळं त्यांनी केलं. त्यांच्या नाटककार होण्याची गोष्ट मात्र वेगळीच आहे. एकदा सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते नाटकाला गेले. नाटक होतं विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!' आणि बसवलेलं विजया मेहतांनी. त्या प्रयोगानं ते इतके हलले की आपणही नाटक लिहायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात त्यांची 'सुलतान' ही एकांकिका छापून आली, आणि ती वाचून त्याच विजया मेहतांनी त्यांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या.

या गोष्टीत मला तिकिटापेक्षा दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. त्या दिवशी त्यांच्या आवाक्यात एक चांगलं नाटक होतं. आपल्या मारेगावच्या, झरीच्या, महागावच्या पोराच्या आवाक्यात काय आहे? हातातला मोबाइल आहे. त्यानं अजून काही पाहिलेलंच नसेल तर त्याला काय आवडतं हे त्यालाही कळायचं नाही आणि आपल्यालाही नाही.

एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगमंचावर आलं. शक्य असेल तर ते प्रत्येक आई-बापानं पाहावं, निदान वाचावं. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा पडायला आलेला वाडा, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि घरातले नुकतेच वारलेले वडीलधारे तात्याजी. त्या वाड्यात एक आत्या आहे आणि एक भाची. आत्या प्रभा हुशार. तिला पुढे शिकायचं होतं, पण घराण्याच्या इभ्रतीपुढं तिचं शिक्षण थांबवलं गेलं. लग्नही झालं नाही. वाड्याच्या आतच तिचं वय सरत गेलं, आणि आता तिच्या बोलण्यात राग आहे, धार आहे. भाची रंजू सिनेमावेडी. तिला शिकवायला घरी मास्तर येतो. एके दिवशी ती त्याच मास्तराबरोबर घरातले दागिने घेऊन मुंबईला पळून जाते. तिला सिनेमात काम करायचं असतं. मास्तर तिला फसवतो. दागिने जातात आणि ती हरून परत येते.

हे पाहून काही पालक म्हणतात, बघा, सिनेमाचं वेड लागलं की असं होतं. मला मात्र ते नाटक वेगळंच काही सांगतं. त्या एवढ्या मोठ्या वाड्यात रंजूला तिच्या वेडाबद्दल बसवून विचारणारं एकही माणूस नव्हतं. तुला सिनेमातलं काय आवडतं, गाणं की अभिनय, की नुसतं या घरातून बाहेर पडणं? कुणी विचारलंच नाही. जो पहिला माणूस तिच्याशी सिनेमाबद्दल गोड बोलला त्याच्या मागे ती गेली. आणि दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त लागते. प्रभाला शिकू दिलं असतं तर रंजूला शिकवायला बाहेरचा मास्तर आणायची गरजच पडली नसती, घरातच एक शिकलेली आत्या असती. एका पोरीचं शिक्षण थांबवलं त्याची किंमत पुढच्या पिढीतल्या पोरीनं मोजली. त्या वाड्याचा नाश सिनेमानं केला नाही, बंद दारानं केला.

प्रभा आणि रंजू अजून आपल्या गावांत आहेत. बारावीनंतर "अमरावतीले पाठवायचं म्हंजे लई दूर होते" म्हणून घरी बसवलेली पोरगी असते, आणि रात्री पांघरुणात मोबाइल धरून रील्स बनवणारी पोरगीही असते. पहिली घरात डोळ्यांसमोर असते म्हणून तुम्हाला तिची काळजी वाटत नाही, आणि दुसरीची वाटते. मला दोघींचीही वाटते.

आता नाटकानं पोराला नेमकं काय मिळतं ते सांगतो. व्यक्तिमत्त्व विकास, आत्मविश्वास वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवू. एक तालीम सांगतो.

शेतकऱ्याच्या घरावर एक लहानसं नाटक बसवत होतो. बापाचं काम करायला पोरगा मिळेना, म्हणून नववीतल्या एका पोरीला उभं केलं. पहिले काही दिवस ती नुसता आवाज जाड करून बोलायची. मी तिला म्हटलं, आवाज राहू दे, तुझे बाबा घरी कसे बसतात ते दाखव. ती थोडा वेळ थांबली. मग खाली बसली, एक गुडघा वर घेतला, पाठ भिंतीला टेकवली, डाव्या तळहातावर उजव्या अंगठ्यानं तंबाखू मळल्यासारखं केलं, दोन चापट्या मारल्या, आणि मग कुठंच न पाहता वाक्य म्हणाली, "सोयाबीनचे तेवढे आले तं बी-भरणाचं भागते." व्हरांड्यात एकदम शांतता पसरली. प्रत्येक पोराला आपला बाप दिसला होता. प्रयोगाला तिचे वडील आले होते. नंतर त्यांनी तिला विचारलं, "तुले कसं ठाऊक, मी असा बसतो?" ती म्हणाली, "तुम्ही हिशोब करता ना बाबा, तवा मी पाहत असते."

आई-बाबांनो, ती पोरगी तोवर घरी पैसे मागायची. त्या नाटकानंतर ते कुठून येतात हे ती विचारायला लागली. दुसऱ्याची भूमिका करायची तर त्या माणसाकडे आधी नीट पाहावं लागतं. तो असा का वागतो याचा विचार करावा लागतो. आणि ते करता करता आपण कोण, आपल्याला काय पटतं आणि काय सोसवत नाही, हे पोराला उमगायला लागतं. नाटकानं पोरगं घरापासून तुटेल अशी तुम्हाला धास्ती असते. मी उलटंच होताना पाहिलं आहे. बापाचं काम केलेलं पोरगं बापाशी पूर्वीसारखं उद्धट बोलत नाही.

रील बनवण्यात हे घडत नाही. तिथं चुकलं म्हणून कुणी थांबवत नाही, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. तालमीत मात्र पाण्याचा गडवा घेऊन एकदाच येणाऱ्या पोरालाही रोज वेळेवर यावं लागतं, कारण तो आला नाही तर पुढचा प्रसंग अडतो.

रंगमंचावर माणूस स्वतःला कसा सापडतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली, पदरात दोन लेकरं, अंगणवाडीतली नोकरी आणि शिवणकाम. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं 'तेरवं' हे नाटक आलं. त्यात शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायाच उभ्या राहिल्या आणि आपलं जगणं मांडू लागल्या. वैशालीताई त्यांतल्या एक. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशालीताईंनी केलं. उद्घाटनासाठी आधी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण रद्द झाल्यावर जो वाद पेटला तो तुम्हाला आठवत असेल. तो वाद आपल्या जागी. मला आठवते ती हजारो माणसांसमोर, संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांच्यासह मोठमोठ्या साहित्यिकांसमोर न डगमगता विधवेचं जगणं सांगणारी बाई. त्याच वर्षी त्या लोकसभेच्या निवडणुकीलाही उभ्या राहिल्या.

वैशालीताईंबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच एक प्रश्न सतत टोचतो. आपल्या बाईला चार माणसांसमोर उभं राहून बोलायला मिळावं यासाठी तिच्यावर आधी एवढं मोठं संकट कोसळावं लागतं का? सातवी-आठवीतच शाळेच्या नाटकात तिला ती जागा का मिळू नये? नवरा गेल्यावर सापडणारा आवाज माहेरी असतानाच सापडला तर पुढं काय काय टळेल, कोणते निर्णय ती स्वतः घेईल, याचा विचार करा.

नाटक आणि शिक्षण हे एकमेकांचे वैरी आहेत असं कुणी सांगितलं आपल्याला? महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. कुणब्याचं एक अडाणी जोडपं, बाई गरोदर, आणि ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी अशी गोष्ट आहे. शेवटी ते नवरा-बायको दोघंही शिकायचं ठरवतात आणि फुल्यांच्या शाळेची वाट धरतात. सरकारच्या दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाटक नाकारलं, तरी फुल्यांना जे सांगायचं होतं ते नाटकातूनच सांगावंसं वाटलं. शेतकऱ्यानं शिकावं म्हणून मराठीत नाटक लिहिलं गेलं त्याला आता दीडशेहून जास्त वर्षं झाली. आणि आपल्याकडं तर कोलामांच्या पोडावर, गोंडांच्या वस्तीत दिवाळीच्या दिवसांत दंडार होतेच. त्यात नाचणाऱ्या पोराला आपण वाया गेलेला म्हणत नाही. मग शाळेतल्या नाटकालाच हा दोष का?

आता तुमचा खरा प्रश्न. यानं पोट भरेल का?

बहुतेकांचं नाही भरणार. हे मी पोरांनाही स्पष्ट सांगत आलो. माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक पोरं नट झाली नाहीत. कुणी नर्स झाली, कुणी शेती करतो, कुणी ग्रामसभेत उठून सरपंचाला हिशोब विचारतो. शंभरातल्या ज्या एखाद्याला याच वाटेनं जायचं असेल त्याच्यासाठी आता रीतसर शिक्षण आहे, आणि त्याची माहिती आई-बापांना हवी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि निवड झालेल्यांना दरमहा विद्यावेतन मिळतं. पण तिथं जायला आधी पदवी लागते, आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकायलाही पदवी लागते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकातच पदवी घेता येते, मुंबई विद्यापीठात पदवीनंतर नाट्यकलेचं शिक्षण आहे. याचा सरळ अर्थ असा की ज्याला खरंच नट व्हायचं आहे त्याला अभ्यास सोडून चालतच नाही. पोरगं "मले नाटकातच जायचं आहे" म्हणालं तर त्याला हे सांगा. रागावण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

दहावीला शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला, चित्रकला यांचे वाढीव गुण मिळतात, त्यासाठी काही पालक पोरांना ढकलतात. गुण मिळाले तर घ्या. पण त्यासाठी पोराला रंगमंचावर उभं केलं तर तेही एक शिकवणीच होऊन बसतं.

सिनेमाचं थोडं वेगळं आहे. 'नाळ' २०१७ साली आला. विदर्भातल्या गावाची गोष्ट, आणि पोराच्या तोंडी आपलीच बोली. त्यातला चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे अमरावतीचा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरी "मले-तुले" बोलणाऱ्या आपल्या पोरांना शहरात लाज वाटते, आपणही त्यांना "नीट बोल" म्हणून दटावतो. त्याच बोलीचं देशभर कौतुक झालेलं पाहून पोरं ताठ उभी राहिली, हे मी पाहिलं आहे. पण 'नाळ'नंतर ऑडिशनच्या नावावर पालकांना गाठणारे लोकही वाढले. म्हणून काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. ऑडिशनसाठी, पोर्टफोलिओसाठी, नाव नोंदवण्यासाठी कुणी आधी पैसे मागत असेल तर तो माणूस काम देणारा नाही, उठून घरी या. काम खरंच मिळालं तर कायदा तुमच्या बाजूला आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला काम द्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, तीन तासांपेक्षा जास्त सलग नाही. सलग २७ दिवसांच्या पुढे काम नाही. मिळणाऱ्या पैशातले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकावे लागतात. शाळा बुडता कामा नये. आणि मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करता येत नाही. त्याच्या इच्छेला कायद्यानं जे स्थान दिलं आहे ते आपण घरात देतो का, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. पोराला नको असताना रिअॅलिटी शोच्या रांगेत उभं करणं आणि हवं असताना नाटकातून ओढून नेणं, दोन्हींत त्याच्या मनाला आपण सारखंच मोजत नाही.

पोरीच्या बाबतीत तुमची काळजी रास्त आहे आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. तालीम लांबते, शेवटची एसटी निघून जाते, रस्त्यात उजेड नसतो. त्यावर उपाय पोरीला घरी बसवणं हा नाही. शाळेला सांगा की तालीम शाळा सुटल्याबरोबर लावा आणि दिवे लागायच्या आत संपवा. एका गावच्या तीन-चार पोरी असतील तर आई-बाबांनी आळीपाळीनं आणायला जा. तालमीला एखादी बाई शिक्षिका हवी. आणि कधीही, न सांगता, तालमीत जाऊन बसा. आई-बापांसाठी ज्या तालमीचं दार बंद असेल तिथं पोराला किंवा पोरीला पाठवू नका. ज्या तालमीचं दार उघडं आहे तिथं मात्र अडवू नका.

मोकळीक द्यायची म्हणजे पोराला सोडून देणं असं मी म्हणत नाही. वेळ तुम्ही ठरवा, खर्च तुम्ही ठरवा, परीक्षेच्या आधी किती दिवस तालीम बंद हेही ठरवा, फक्त त्याला समोर बसवून ठरवा. पण त्यानं कुठली भूमिका करावी, त्यात त्याला काय सापडावं, नाटक संपल्यावर तो काय वेगळं बोलायला लागावा, हे आपण ठरवायचं नाही. काही दिवस तो तुम्हाला उलट प्रश्न विचारील. शेतीचे, लग्नाचे, जातीचे, देवाचे प्रश्न. उत्तर येत असेल तर द्या, येत नसेल तर "मलेबी नाही माहीत" म्हणा. पोरं त्यानं दुरावत नाहीत.

शेवटचं मागणं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात. शेतात कापसाचा वेचा चालू असतो, मजूर मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी त्या संध्याकाळी आई आणि बाबा दोघंही जा. पोराचं काम दोन वाक्यांचं असलं तरी जा, आणि नाटक अर्धवट सोडून उठू नका. घरी आल्यावर किती टाळ्या पडल्या ते विचारू नका. तू ज्याचं काम केलंस तो माणूस तुला कसा वाटला, एवढं विचारा, आणि पोरगं बोलायला लागलं की मध्ये न बोलता ऐका.

तुमचा,
एक मराठीचा मास्तर